मॅजिस्ट्रेटला कोणती भाषा हवी होती?

जे. एम. कोएत्झी यांची १९८० सालची ‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’ वाचली की सगळे मॅजिस्ट्रेटच्या बाजूने बोलतात. साम्राज्य निनावी, त्याच्या टोकावरचं हे गावही निनावी. हिवाळ्यात भटके लोक तटाबाहेर तंबू ठोकतात. लोकर, कातडी देऊन कापड, चहा, साखर नेतात. दुकानदार त्यांना लुबाडतात, त्याचं मॅजिस्ट्रेटला वाईट वाटतं. पुढे शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपावरून तो स्वतः कोठडीत जातो, कर्नल जॉलच्या छळाला विरोधही करतो. माणूस भला आहे, कबूल.

पण मला त्याचा राग येतो. छळात दृष्टी अधू झालेल्या मुलीला तो घरी ठेवतो, तिचे पाय धुतो. पवित्र गुरुवारचा विधी लहानपणापासून पाहत आलेल्या मला आधी भरूनच आलं. तर धुता धुता हा चक्क झोपी जातो! सेवा नक्की कुणाची चाललीय?

तिला तिच्या लोकांकडे पोचवताना वाटेत ती बरोबरच्या पोरांशी सीमेवरच्या मोडक्यातोडक्या बोलीत झकास थट्टामस्करी करते. हा थक्क! तिची माणसं भेटल्यावर याला सुचतं, हिच्याकडून भाषा शिकायला हवी होती. इतके महिने एका छपराखाली होते की दोघं! बेळगावच्या बाजारातली भाजीवाली मराठी-कन्नड दोन्हींत भाव करते, तिला असं उशिरा सुचून चालत नाही.

आणि वेळ नव्हता म्हणावं, तर हाच गृहस्थ वाळूतल्या अवशेषांतून लाकडी पट्ट्या उकरून त्यांवरची मेलेली लिपी लावत बसलेला असतो.