युद्ध संपले, हुकूम राहिले

१ सप्टेंबर १९४२ रोजी हिंदुस्थानातली घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. दिवसाउजेडी जास्त काम उरकावे, हा युद्धकाळातला हिशेब होता. १५ ऑक्टोबर १९४५ रोजी, जपानने हत्यार टाकल्यावर दोन महिन्यांच्या आत, घड्याळे पूर्ववत झाली. युद्धासाठी केलेली आणि युद्ध संपताच आठवणीने मागे घेतलेली अशी उदाहरणे फार थोडी आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या भारताच्या वाट्याचा विषय निघाला की आपण इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे घेतो, पंचवीस लाखांच्या स्वयंसेवी सैन्याचा अभिमान सांगतो, किंवा ‘ते इंग्रजांचे युद्ध होते’ म्हणून विषय मिटवतो. शूरांचा मान वादापलीकडचा आहे. पण त्या युद्धाचा सर्वांत दीर्घकाळ टिकलेला परिणाम रणांगणावर घडलाच नाही. तो कचेऱ्यांमध्ये घडला, आणि आपल्या विदर्भात तो फार जवळून दिसतो.

सुरुवात आठवावी लागेल. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. वर्ध्याला जमलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने ‘युद्धाचा हेतू काय ते सांगा’ असे विचारले. समाधानकारक उत्तर आले नाही आणि नोव्हेंबरात नागपूरचे रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. तेव्हापासून १९४६ पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडात लोकनियुक्त सरकार नव्हते. प्रांताचा गाडा गव्हर्नर हाकत होता आणि हाताशी होते १९३९ चे भारत संरक्षण नियम. त्यांच्या बळावर सभा बंद करता येत, माणूस खटल्याविना डांबता येई, धान्य अडवता येई, भाव ठरवता येई. पवनारला विनोबांनी ऑक्टोबर १९४० मध्ये युद्धविरोधी भाषण केले ते या नियमांच्या छायेत, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीत जो उठाव झाला तोही. आपल्या प्रांतापुरते सांगायचे तर सहा वर्षे हुकूम निघत राहिले आणि ‘का?’ असे विचारायला सभागृहच नव्हते. पुढचे सारे समजून घ्यायचे तर ही गोष्ट धरून ठेवली पाहिजे.

हे हुकूम निघाले त्याला आर्थिक कारणही तितकेच सबळ होते. ब्रिटन हिंदुस्थानातून माल आणि माणसे उचलत होते, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या नोंदींत जमा होत होती आणि इथे त्या नोंदींच्या आधारावर नोटा छापल्या जात होत्या. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडे आपले सुमारे १३० कोटी पौंड येणे झाले. ते वसूल कसे व्हावे, हा प्रश्न १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदी शिष्टमंडळाने लावून धरला. शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले हिंदी गव्हर्नर मध्यप्रांताच्याच सनदी सेवेत घडलेले. कागदावर देश सावकार झाला, पण बाजारात नोटा उदंड आणि माल नाही अशी गत झाली. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे भुकेने मेली. इकडे वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक असलेला जपान १९४१ मध्ये शत्रू झाला आणि ती बाजारपेठ एका फटक्यात बुडाली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत याच कापसाखालची जमीन ज्वारी-बाजरीकडे वळवण्यावर भर होता. अशा वेळी सरकारने काहीच करू नये असे कोण म्हणेल? हस्तक्षेप हवाच होता. तो थांबवायचा केव्हा, हे मात्र कुणी ठरवले नाही.

नागपुरातले घरभाडे घ्या. युद्धाने शहरांत माणसे वाढली, बांधकामाचे सामान मिळेना, भाडी भडकली, म्हणून नियंत्रण आले. १९४६ च्या प्रांतिक कायद्याखाली १९४९ साली ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’ निघाली. नागपूरच्या जुन्या वकिलांना तिचे तेरावे कलम तोंडपाठ असे. भाडेकरूला घर सोडण्याची नुसती नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. भाडे थकले आहे, पोटभाडेकरू ठेवला आहे, घर स्वतःला राहायला हवे आहे, यांपैकी एक कारण तिथे सिद्ध करायचे. मग अपील. ते संपले की नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा. म्हणजे एका घरासाठी दोन पूर्ण लढाया. १९५० मध्ये ‘सी. पी. अँड बेरार’ हे नाव नकाशावरून गेले, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी संपलेल्या प्रांताची ही ऑर्डर नागपुरात ३१ मार्च २००० पर्यंत चालू होती. मुंबईत तर प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० या तारखेला बांधलेले. ते तसेच गोठवून ठेवणे अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात म्हटले, तेव्हा विधिमंडळाला जाग आली. दरम्यान इमारती डागडुजीअभावी खचल्या आणि नवीन भाडेकरूला घर द्यायला मालक धजेनात. ज्याच्यासाठी नियंत्रण आणले, त्या गरजू माणसालाच शेवटी दार बंद झाले.

धान्याचा प्रवास याहून बोलका आहे. भारत संरक्षण नियम संपणार म्हणून १९४६ मध्ये जीवनावश्यक पुरवठ्यासाठी तात्पुरते अधिकार देणारा कायदा आला. घटनाकारांनीही जपून पाऊल टाकले. अनुच्छेद ३६९ ने कापूस, अन्नधान्य, कोळसा यांसारख्या वस्तूंच्या राज्यांतर्गत व्यापाराबाबत संसदेला अधिकार दिला तो फक्त पाच वर्षांसाठी. ती मुदत संपत आली तेव्हा १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने यातले बरेच विषय समवर्ती सूचीत कायमचे नेले आणि १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा उभा राहिला. २ जून २०२३ रोजी केंद्राने तुरीवर साठामर्यादा घातली, ती याच वंशातली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, ३१ ऑक्टोबरपर्यंत. मुदत सरण्याआधीच सप्टेंबरात मर्यादा ५० टनांवर आणली गेली आणि तारीख ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. भाव चढे होते म्हणूनच हे केले, हे मान्य. पण व्यापाऱ्याला साठवता येत नाही तेव्हा तो हात आखडून खरेदी करतो, आणि नव्या तुरीच्या तोंडावर त्याचा भार कुणावर पडतो हे यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. नियंत्रणे उठवली तर काय होते ते देशाने पाहिले आहे. गांधीजींच्या आग्रहावरून डिसेंबर १९४७ मध्ये अन्नधान्याची नियंत्रणे सैल केली, भाव उसळले, आणि १९४८ सरण्यापूर्वी ती परत आणावी लागली. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, त्याने असंख्य गरिबांच्या पोटाला आधार दिला. बंगालशी तुलना केली की हुकुमाची गरज पटते. माझा विरोध रेशन दुकानाला नाहीच. टंचाईच्या दिवसांत घेतलेला अधिकार सुगीच्या वर्षीही त्याच हाती राहतो, याला आहे. दुसरा आक्षेप असा की १९५५ चा कायदा संसदेने केला, मग तो हुकूम कसा? कायदा संसदेचा खरा, पण त्याखालचे आदेश मंत्रालयातून निघतात आणि नंतर सभागृहाच्या मेजावर ठेवले जातात. मेजावर ठेवणे म्हणजे चर्चा नव्हे. खटल्याविना स्थानबद्धतेचेही असेच झाले. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा, १९६२ चे भारत संरक्षण नियम, १९७१ चा मिसा. परक्या सरकारने ज्यांना तुरुंगात टाकले, त्यांनीच ती किल्ली जपून ठेवली याचे मला मनापासून दुःख आहे.

युद्धाने चांगलेही काही दिले, ते डावलता येणार नाही. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले आणि ऑगस्टमध्ये सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत भरली. महार रेजिमेंट १९४१ ची, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज १९४५ चे, तेही आधी परतणाऱ्या सैनिकांसाठी. या गोष्टी टिकल्या, कारण शांततेच्या काळात त्यांना वेगळी गरज आणि वेगळे समर्थन लाभले. एक्स्चेंजसाठी १९५९ साली स्वतंत्र कायदा झाला. भाडे नियंत्रणाला आणि साठामर्यादेला अशी नव्याने परीक्षा द्यावी लागली असती, तर त्यांतला टिकण्याजोगा भाग टिकला असता आणि उरलेला पन्नास वर्षे रेंगाळला नसता.

म्हणून मागणी साधी आहे. टंचाई, साथ, युद्ध यांसाठी काढलेला प्रत्येक आदेश वर्षभरात आपोआप रद्द व्हावा आणि वाढवायचा असेल तर सभागृहात चर्चा होऊन, मतदानाने वाढवावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात डिसेंबरात भरते आणि कळमन्याच्या बाजारात नव्या तुरीची आवक त्याच सुमारास सुरू होते. केंद्राची साठामर्यादा राज्याला रद्द करता येत नाही, पण ठराव करून आपले म्हणणे दिल्लीला कळवता येते. विदर्भातल्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, येत्या अधिवेशनात तो ठराव आणावा आणि त्यासोबत राज्याने स्वतः काढलेल्या, मुदत न घातलेल्या सर्व आदेशांची यादी सभागृहासमोर मागावी.