टवटवीत झाड, रोगट बेणे

पुणे जिल्ह्याला बटाट्याचा बांगडी रोग नवा नाही. 1892 सालच्या सरकारी टिपणातही त्याची दखल आहे. रोगट कंद आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडे दिसते आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट द्रव येतो. कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरला तर काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरतात. हे सारे राल्स्टोनिया जिवाणूंचे लोट. हा जिवाणू जमिनीत ठाण मांडतो, फवारणीला दाद देत नाही. म्हणून प्रतिकारक वाणाची आस रास्तच आहे. पण रोगट शेतात वाणाची किती झाडे मेली, एवढेच मोजून निकाल देणे मला धोक्याचे वाटते. झाड टवटवीत राहूनही कंदात जिवाणू दडलेला असू शकतो आणि बटाट्यात पुढच्या हंगामाचे बेणे म्हणजे तोच कंद.

रवांडा आणि बुरुंडीत हे घडून गेले आहे. तिथला ‘क्रुझा 148’ हा वाण रोगट जमिनीतही पीक देई, म्हणून तो पसरला. पण त्याच्या निरोगी दिसणाऱ्या कंदांतून रोगही नव्या शेतांत पोहोचला. सोलॅनम फुरेजा या दक्षिण अमेरिकी बटाट्याकडून आणलेली प्रतिकारशक्तीही थंड हवेत टिकली आणि उष्ण जमिनीत ढासळली. तेव्हा थंड डोंगरावरचा निकाल खेड-आंबेगावच्या खरिपाला लावू नये. चाचणी इथल्याच मातीत, एकाहून अधिक हंगाम व्हावी; काढलेले कंद दोन-तीन आठवडे उबेत ठेवून प्रयोगशाळेत तपासावेत.

यात वेळ आणि पैसा जाईल, तोवर शेतकऱ्याने काय करावे, हा प्रश्न खरा आहे. खाण्यासाठी विकायच्या पिकाला रोग सहन करणारा वाण जरूर द्यावा. बेण्यासाठी मात्र तो राखू नये. निरोगी बेणे आणि फेरपालट पुरे, असेही म्हटले जाते. मका-ज्वारीने जिवाणू घटतो हे खरे, पण बटाट्यामागून टोमॅटो, वांगी किंवा मिरची आली की त्याचे पुन्हा फावते. बाजारभाव पाहून पीक ठरवणाऱ्याला दर वर्षी मका लावा म्हणणे सोपे नाही. त्याला खात्रीचा वाणच हवा. तोवर शिफारशीत झाडांच्या मरीचा आकडा आणि कंदांतल्या सुप्त लागणीचा आकडा, दोन्ही वेगवेगळे छापावेत आणि दुसरा आकडा नसेल तर ‘प्रतिकारक’ हा शिक्का देऊ नये.