'जगभर महागाई आहे' ही सबब पुरे झाली!

महागाईचे नाव काढले की सत्तेतल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य तयारच असते. "महागाई काय एकट्या आपल्याकडे आहे? जगभर आहे!" निवेदन घेऊन गेलेल्या बायकांना हे ऐकवले जाते, सभांमधून ऐकवले जाते, आणि आता तर उधारीची वही मिटता मिटता किराणा दुकानदारही गिऱ्हाइकाला हेच ऐकवू लागला आहे. ज्यांची मुले लंडनला किंवा न्यू जर्सीला आहेत, ते शेजारी वर दुजोरा देतात: तिकडेही दूध महागले, तिकडेही अंडी महागली. या वाक्यापुढे जळगावचा हमाल गप्प होतो, धुळ्याची मोलकरीण गप्प होते. आम्ही गप्प बसणार नाही. जगाशी तुलना करायची आहे ना? मग करूच. पण अर्धी करून सोडता येणार नाही, शेवटपर्यंत करावी लागेल.

जगात महागाई झाली, हे खरेच आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला चढवला आणि गव्हापासून सूर्यफुलाच्या तेलापर्यंत सगळे भडकले. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधली खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांवर गेली. चाळीसहून अधिक वर्षांत तिथे असे झाले नव्हते. त्या वर्षात ट्रसेल ट्रस्ट या एका संस्थेच्या केंद्रांनी गरजूंना सुमारे ३० लाख शिधापिशव्या वाटल्या. अमेरिकेत बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि मार्च २०२५ मध्ये डझनभर अंडी सहा डॉलरच्या वर गेली. जपानात तांदूळ वर्षभरात दुप्पट महागला. श्रीमंत देशातल्या गरिबालाही झळ बसली, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण नुसता भावाला भाव लावून बघणे ही शुद्ध फसवणूक आहे. ब्रिटनमधल्या दुकानात लिटरभर सूर्यफूल तेल साधारण दोन पौंडांना मिळते. रुपयांत ते सव्वादोनशेच्या पुढे जाते. आपल्याकडे सोयाबीन तेलाची पिशवी दीडशेच्या आसपास. एवढ्यावरून आपण स्वस्ताईत आहोत असा निकाल दिला जातो! तो देणाऱ्यांनी पुढचा हिशेबही ऐकावा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. म्हणजे तिथला सफाई कामगार दहा मिनिटे राबला की लिटरभर तेल त्याचे झाले. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांनी भागा. तासाला ३९ रुपये पडतात. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या बाईला त्याच लिटरभर तेलासाठी जवळजवळ चार तास उन्हात माती उपसावी लागते. तिकडे दहा मिनिटे, इकडे चार तास! आणि हा झाला सरकारी दर. शेतात निंदणीला किंवा कापूस वेचणीला गेल्यावर तोही हातात पडेल याची खात्री नाही, कारण ती बाई आहे आणि बाईची मजुरी कापणे हा आपल्याकडे आजही गुन्हा वाटत नाही.

सरकारच्याच २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीचा आकडा घ्या. खेड्यातल्या माणसाच्या खर्चातले ४७ टक्के पोटावर जातात, शहरात जवळपास ४०. अमेरिकेतले सर्वसाधारण कुटुंब हॉटेलातले जेवण धरूनही उत्पन्नाच्या १०-११ टक्क्यांत खाऊन मोकळे होते. तिथे भाव दहा टक्क्यांनी वाढला तर माणूस सहल पुढे ढकलतो. इथे तेवढाच वाढला तर वरणात पाणी पडते, पोराचे दूध बंद होते, आणि दादर ज्वारीची भाकर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरले ते खाणारी आई त्या दिवशी मिरचीच्या ठेच्यावर निभावते. महागाईचा दर काढणाऱ्या कोणत्याही कोष्टकात या आईच्या ताटाचा रकाना नाही.

ज्यांचा पगार बांधलेला आहे त्यांना महागाई भत्ता आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा तो जुलै २०२५ पासून मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. त्यांना तो मिळालाच पाहिजे, आमचे त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते असे, की भाव वाढले तर मोबदला वाढलाच पाहिजे हे तत्त्व कार्यालयाच्या दारात थांबते आणि बांधावर पोहोचत नाही. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी करून देशाला वाट दाखवली, त्याच महाराष्ट्रात हमीच्या मजुरीला दिल्लीहून वर्षाला थोडक्या रुपयांची भर येण्याची वाट पाहावी लागते. २०२४-२५ चे २९७ रुपये २०२५-२६ ला ३१२ झाले. पंधरा रुपये! एवढ्यात आज शंभर मिली तेल येते.

आता या तेलाकडेच नीट पाहा, कारण खानदेशचा सगळा अपमान त्या एका पिशवीत भरलेला आहे.

हा तेलाचा मुलूख होता. शिरपूर-शिंदखेड्याचा भुईमूग, तापीकाठची तीळ-करडई, घरोघरच्या कापसाची सरकी. गावात घाणा होता, ढेप गुरांना जात होती, गोडेतेल चुलीवर येत होते. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन करून कारखाना काढला तो अमळनेरला. 'सनफ्लॉवर' वनस्पती तिथे तयार होई. तेलबियांचा प्रदेश पाहूनच तो माणूस इथे आला. आज जग ज्या विप्रोला संगणकामुळे ओळखते, तिचा जन्म खानदेशच्या तेलातून झाला. आणि त्याच खानदेशात आज भरीत कशाच्या तेलात होते? शेवभाजीवरची तर्री कशाची असते? गोरगरिबांच्या घरी ती असते मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलाची, अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयाबीनची.

हे आभाळातून पडलेले संकट नाही. १९८६ साली तेलबिया अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. गरजेच्या अगदी थोड्या टक्क्यांचेच तेल बाहेरून येत होते. मग १९९४ नंतर पामतेलाच्या आयातीचे दार उघडले, पुढे कर खाली आले, आणि भुईमूग लावणाऱ्याला कळून चुकले की बाजारात त्याची गाठ बोटीने येणाऱ्या तेलाशी आहे. त्याने भुईमूग सोडला. कापूस धरला, मका धरला. आज देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल परक्याच्या मर्जीवर!

ही मर्जी फिरली की काय होते ते २०२२ साली दिसले. जगात सर्वांत जास्त पामतेल काढणाऱ्या इंडोनेशियातच तेलाचा तुटवडा पडला, बायका रांगेत उभ्या राहिल्या. लोक खवळले. तिथल्या व्यापार मंत्रालयातल्या महासंचालकाला निर्यात परवान्यांच्या भ्रष्टाचारात अटक झाली आणि २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत सरकारने पामतेलाची निर्यातच बंद केली. त्यांनी आपल्या चुलीसाठी आपले दार लावून घेतले. त्यात त्यांचे काय चुकले? चुकले आमच्या राज्यकर्त्यांचे, ज्यांनी जामनेरच्या चुलीची किल्ली जकार्ताला देऊन ठेवली.

आणि आपल्या हातात जे होते, त्याचे काय केले? १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेला. कारण सांगितले शेतकऱ्याच्या हिताचे. सणासुदीच्या तोंडावर तेल भडकले, शहरातल्या बाईने मुकाट्याने वाढीव पैसे मोजले. मग ते पैसे शेतकऱ्याला तरी मिळाले का? त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत माल चार हजारांच्या आसपास विकला जात होता. मे २०२५ अखेर कर पुन्हा खाली आणला, पेरणीच्या ऐन तोंडावर! खाणाऱ्याला शेतकऱ्याच्या नावाने लुटायचे आणि शेतकऱ्याला खाणाऱ्याच्या नावाने, असा हा दुहेरी दरोडा आहे. खानदेशातल्या बहुतेक घरांत पिकवणारा आणि विकत घेणारा एकच असतो. त्याला एकाच वर्षात दोनदा लुटले गेले.

डाळीचीही तीच कथा. जळगावची डाळ मिल म्हणजे या शहराचा अभिमान. पण तुरीचा कर माफ करून मोझांबिक, मलावी, म्यानमारचा माल देशात उतरवला जातो, आणि २०२५ च्या सुरुवातीला आपली तूर बाजारात आली तेव्हा भाव ७,५५० च्या हमीभावाखाली घसरला होता. कापसाचेही तेच: ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात कर उठवला, तो थेट डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आमचा कापूस घरात येण्याचा सगळा काळ.

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आल्याची बातमी आली आणि ढोल वाजले. अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई तर उणे पाच टक्के! हे कोणाच्या जिवावर झाले, हे कोणी विचारले? कांदा, तूर, भाजी पिकवणाऱ्याच्या जिवावर झाले. आणि त्याच महिन्यात तेल-तुपाची महागाई दोन आकडी होती. आपण विकतो ते मातीमोल आणि आपण घेतो ते सोन्याच्या भावाने, या अवस्थेला स्वस्ताई म्हणणाऱ्याने एक महिना रावेरच्या केळी मजुराच्या घरी काढावा.

जगाचे दाखले देणाऱ्यांना जपानचाही दाखला ऐकवला पाहिजे. मे २०२५ मध्ये तिथले कृषिमंत्री ताकू एतो एका सभेत बोलून गेले की, आपण कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थकच भरपूर देतात. तांदूळ महागलेल्या देशात मंत्र्याने असे बोलावे! तीन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. नव्या मंत्र्याने सरकारी गोदामातला तांदूळ पाच किलोला दोन हजार येनच्या आसपास दुकानांत आणला. जगभर महागाई आहे, मान्य. मग जगभर जी लाज आहे, जबाबदारी आहे, ती इकडे का येत नाही? जळगाव आणि धुळ्याच्या किती लोकप्रतिनिधींना आज लिटरभर तेलाचा भाव ठाऊक आहे? आणि ठाऊक नसल्याबद्दल त्यांना जाब विचारणारे आपण किती आहोत?

होय, दोष आपलाही आहे. आपण मत देताना जात पाहतो, पाकीट पाहतो, चूल पाहत नाही. दिवाळी २०२२ ला सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. तेलबियांच्या खानदेशात गरिबाच्या सणाला परदेशी पामतेल वाटले गेले आणि आपण रांगेत उभे राहून ते घेतले. २०२५ च्या दिवाळीला तेही बंद झाले, तरी आपण बोललो नाही. ज्या अमळनेरहून १९३८ साली साने गुरुजी 'काँग्रेस' साप्ताहिक चालवत शेतसारा माफीसाठी गावोगाव शेतकरी उभा करत होते, ज्या फैजपुरात १९३६ साली काँग्रेसने पहिले ग्रामीण अधिवेशन भरवून शेतकऱ्याचा कार्यक्रम मांडला, तो हा मुलूख. त्याची जीभ अशी लुळी पडावी?

म्हणून आम्ही स्पष्ट मागतो. रेशनवर गहू-तांदळाबरोबर तेल आणि डाळ बारमाही द्या, सणापुरती नको. आणि ती इथल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घेऊन, इथल्या घाण्यात आणि डाळ मिलमध्ये तयार करून द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचे अभियान मंजूर केले. त्यातले खानदेशच्या वाट्याला काय आले, ते जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. आयात कराचा निर्णय पेरणीपूर्वी सांगा आणि माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. मजुराची मजुरी महागाईशी बांधा, कर्मचाऱ्याच्या भत्त्यासारखी, दर सहा महिन्यांनी.

पण मागण्यांवर विसंबून चूल पेटत नाही. १९६५ मध्ये टोकियोतल्या गृहिणींनी एकत्र येऊन दुधाच्या ३०० बाटल्या थेट विकत घेतल्या. त्यातून सेइकात्सु क्लब ही लाखो घरांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या मुंबईत १९७५ मध्ये ग्राहक पंचायत सुरू झाली आणि घराघरांनी संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायला सुरुवात केली. त्याआधी १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. खानदेशात गावोगाव महिलांचे बचत गट आहेत. पापड-कुरडयांपुरते त्यांना का बांधून ठेवायचे? दहा गटांनी मिळून शिंदखेड्याच्या शेतकऱ्याचा भुईमूग थेट घ्यावा, गावचा घाणा पुन्हा चालू करावा, तेल आपसांत वाटून घ्यावे.

आयाबायांनो, शेतकरी बांधवांनो, येत्या ग्रामसभेला जा. सरपंचापुढे, ग्रामसेवकापुढे, आमदार-खासदार आले तर त्यांच्यापुढे एवढेच विचारा: आमच्या गावात लिटरभर तेलाला किती तासांची मजुरी पडते, आणि ती कमी करायला तुम्ही काय केले? प्रश्न आणि उत्तर, दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून झाल्याशिवाय सभेतून उठू नका.