पत्र्याचे वय, कागदाचे वय

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीतल्या पेट्रोलपंपांवर मोटारींच्या वयाची चौकशी सुरू झाली. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधन द्यायचे नाही, असा हुकूम होता. कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचायची आणि वय सांगायचे. गाडीची प्रकृती कशी आहे हे कोणी विचारायचे नव्हते. ओरड झाली आणि आठवडाभरातच हुकूम पुढे ढकलावा लागला.

आपल्याकडे एवढा कडकपणा नाही. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. पण ही वाट महाग होत चालली आहे. फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती दहा हजारांवर नेली. पर्यावरण कर वेगळाच. उलट, गाडी भंगारात काढणाऱ्याला नव्या गाडीच्या रस्ताकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. जुने टाका, नवे घ्या, असा सगळा रोख.

तरीही मध्यमवर्गीय घरातली जुनी गाडी बहुधा फीमुळे निघत नाही. ती निघते एखाद्या पोच्यामुळे. रिक्षा घासते, सोसायटीच्या फाटकाचा खांब मडगार्डात शिरतो. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली की उत्तर ठरलेले असते: ‘पार्ट बदलावा लागेल.’ मडगार्ड, दिव्याची चौकट, बंपर आणि रंग यांचा अंदाजपत्रकातला आकडा पाहून घरात चर्चा सुरू होते, की एवढा खर्च या गाडीवर करायचा का?

वर्कशॉपचे सगळेच खोटे नसते. हल्लीच्या गाड्यांच्या सांगाड्यात उच्च ताकदीचे पोलाद असते. ते तापवून ठोकले तर त्याची ताकद जाते. तिथे बदलणेच बरोबर. पण मडगार्ड किंवा दाराचा बाहेरचा पत्रा हा सांगाडा नव्हे. तो हाताने सरळ होतो, फक्त त्याला वेळ आणि जाणता हात लागतो. वर्कशॉपचा हिशेब मात्र तासांवर चालतो, आणि खोक्यातून आलेला नवा पत्रा तासाभरात बसतो.

विम्याचा नियम इथे काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला घसारा म्हणजे घरचाच विषय! नेहमीच्या पॉलिसीत दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या नव्या भागावर पन्नास टक्के घसारा कापतात. प्लॅस्टिकचा बंपर असेल तर वय काहीही असो, निम्मी रक्कम तुमची. मजुरीवर मात्र घसारा नाही. म्हणजे आठ हजारांचे नवे मडगार्ड घातले तर चार हजार तुमच्या खिशातून. तेच चार हजारांच्या ठोकणावळीत सरळ केले तर मजुरी पूर्ण मंजूर होऊ शकते. जुन्या गाडीपुरता नियम दुरुस्तीच्या बाजूचा आहे. घसारा न कापणारी जादा पॉलिसी गाडी जुनी झाली की सहसा मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

त्याहून महत्त्वाचा बोनसचा हिशेब. पाच वर्षे दावा केला नाही, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी चढत जाते. सुटीआधीचा हप्ता चार हजार धरला, तर या पाच वर्षांत एकूण पाच हजार रुपये जास्त जातात. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपण सोसायचीच असते. चार-पाच हजारांच्या पोच्यासाठी दावा करणे म्हणजे आपलेच पैसे उशिराने परत करणे.

मग उरतो नाक्यावरचा डेंटर. चांगला डेंटर आधी पत्र्याच्या आतला चिखल साफ करतो आणि हात फिरवतो. पोचा ज्या क्रमाने पडला, त्याच्या उलट क्रमाने तो काढायचा असतो: शेवटी पडलेली कडेची घडी आधी, मधला खोलगा नंतर. आतून लोखंडी ठोकळा, त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून हलकी हातोडी. अडाणी कारागीर सरळ मध्यावर घाव घालतो. पत्रा ताणून वाढतो आणि अंगठ्याने दाबला की डबक्यासारखा आत-बाहेर होतो. मग ती जागा तापवून, ओल्या फडक्याने थंड करून पत्रा आवळावा लागतो. तेवढे कष्ट नको म्हणून बोटभर जाडीची लांबी थापली जाते. लांबी काम करते ती दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. जाड थर तडकतो, चिरेतून पावसाचे पाणी मुरते, आणि रंग वरून चकचकीत असताना खाली पत्रा गंजत राहतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

जुन्या इंजिनांचा धूर हा खराच प्रश्न आहे, दिल्लीला तर फारच. पण धूर मोजता येतो आणि गंजही दिसतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या नियमाने निरोप मिळाला. कुर्ल्याचा तो कारखाना थांबल्यानंतरही या गाड्या इतकी वर्षे चालल्या, त्यात ठोकून सरळ करणाऱ्या हातांचा वाटा मोठा होता. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. घरोघरी उरलेल्या त्या गाड्याही आता याच हातांवर अवलंबून आहेत. फीचे आकडे ठरवणाऱ्या कोष्टकात मात्र फक्त वयाचा रकाना आहे.

तेव्हा गाडी डेंटरकडे सोपवताना एवढे सांगून ठेवावे: लांबी भरण्याआधी मला बोलवा. उघडा पत्रा बघायचा आहे. आणि जुनी गाडी विकत घेत असाल, तर खिशात फडक्यात गुंडाळलेले लहानसे चुंबक ठेवा. मडगार्डावर आणि दाराच्या खालच्या कडेवर ते फिरवायचे. जिथे ते पकड सोडील, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे.