दयेचा तास नको, हक्काचे शिक्षण हवे

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे तरुण विद्यार्थी बालगृहांतील अनाथ मुलांना संगणक, मोबाईलचा वापर आणि ज्यास हल्ली सॉफ्ट स्किल्स म्हणतात ती संवादाची कौशल्ये शिकवावयास जातात. या तरुणांच्या सद्हेतूविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही. त्यांतील पुष्कळजण स्वतःच गरीब घरांतून आलेले आहेत. तथापि जे देणे शासनाचे व संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते अनाथ मुलास पाहुण्यांच्या मर्जीने मिळावे काय? मर्जीने मिळालेली वस्तू मर्जीने बंदही होते. आमची तक्रार आहे ती हीच.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ५३ मध्ये नोंदणीकृत संस्थांनी मुलांना द्यावयाच्या सेवांची यादीच दिली आहे. अन्न, वस्त्र, निवारा यांच्याच पंक्तीस तेथे शिक्षण, कौशल्यविकास व जीवनकौशल्यांचे शिक्षण यांना बसविले आहे. मुलास उपाशी ठेवून ‘स्वयंसेवक आले की जेवण मिळेल’ असे कोणी अधीक्षक म्हणेल काय? मग संगणकाच्या शिक्षणाबाबत हेच उत्तर आपण मुकाट्याने का ऐकून घेतो?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे, असा दंडक आहे. हे तास विद्यार्थ्याच्या नावे मोजले जातात, महाविद्यालयाच्या अहवालात छापले जातात. परंतु मुलाच्या पदरात काय पडले, हे विचारणारा विरळा. परीक्षा जवळ आली की भेटी थांबतात. पुढल्या वर्षी नवे विद्यार्थी येतात आणि त्याच मुलांना तोच पहिला धडा पुन्हा देतात. ज्या मुलाने आपली माणसे एकदा गमावली आहेत, त्यास दर वर्षी नवा दादा व नवी ताई देऊन परत नेणे, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते?

यापुढचा प्रकार अधिक गंभीर आहे. भेट संपताच मुलांना रांगेत उभे करून छायाचित्र काढले जाते व ते प्रसिद्ध होते. त्याच अधिनियमाचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. भंग करणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जे तरुण मुलांना इंटरनेटवरील सावधगिरी शिकवावयास आले, त्यांनीच मुलांचे चेहरे इंटरनेटवर टाकावेत, यापरता विपर्यास तो कोणता?

अनाथ मुलास डिजिटल शिक्षण कशासाठी हवे? चित्रे रंगविण्यासाठी खचित नव्हे. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच बालगृहाचे दार त्याच्यामागे बंद होते. अशा मुलास समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्याची तरतूद कलम ४६ मध्ये आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण ठेवले. कोरोनाने दोन्ही पालक हिरावलेल्या बालकांच्या नावे प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा व ती २१ व्या वर्षी हाती देण्याचा निर्णय २०२१ साली झाला. परंतु अनाथ प्रमाणपत्र म्हणजे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कसा भरावा, बँकेचा ओटीपी कोणास का सांगू नये, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर कशी तक्रार द्यावी, हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या हाती हे हक्क कागदावरच राहतील, आणि ती ठेव पहिला लबाड मनुष्य घेऊन जाईल. बाप नसलेल्या मुलास हे घरी सांगणारे कोणी नाही. म्हणूनच ते वर्गात सांगितले पाहिजे.

संवादाच्या कौशल्यांचेही तसेच. हसतमुखाने आभार मानावयास शिकविणे म्हणजे संवादकौशल्य नव्हे. आश्रिताचे जिणे त्या मुलास ते आधीच शिकविते. त्यास शिकवावयाचे ते प्रश्न विचारणे, नकार देणे, आणि साहेबासमोर मान वर करून आपला अर्ज मांडणे. नियमांनी बालगृहात मुलांच्या समित्या सांगितल्या आहेत. त्या समितीची सभा चालविणे आणि तिचे इतिवृत्त संगणकावर मुलांनी स्वतः लिहिणे, याहून चांगला पाठ दुसरा नाही.

कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. हा युक्तिवाद दुबळ्यांच्या वाट्याला नेहमीच येतो, आणि थोड्यावर समाधान मानणाऱ्यास थोडेच मिळते. साताऱ्याच्या भूमीने याहून मोठे काम पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. ते काम तासावर मोजलेले नव्हते. याच साताऱ्यात बालपणी मातेस मुकलेल्या भीमरावाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेच्या पटावर चढले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मातृहीन बालकाचे नाव पटावर चढल्याने काय घडू शकते, हे आपल्या घरांस निराळे सांगावयास नको.

म्हणून बंधुभगिनींनो, आपली मुले-मुली आज महाविद्यालयांत आहेत. त्यांना बालगृहांत अवश्य पाठवा, परंतु अटी घालून पाठवा. एका तुकडीने निदान एक पूर्ण वर्ष तीच मुले सांभाळावीत आणि पुढच्या तुकडीस लेखी हवाला द्यावा. कायद्याप्रमाणे प्रत्येक बालकाची जी वैयक्तिक काळजी योजना असते, तीत त्याची प्रगती नोंदविली जावी. छायाचित्र एकही नको. संस्थेत संगणक असेल व तो कार्यालयात कुलपात पडला असेल, तर तो मुलांच्या खोलीत यावा. कायम शिक्षकाची मागणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे लेखी करा. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हाती आहे.

स्वयंसेवकाने शिक्षकाच्या जोडीस उभे राहावे, त्याच्या जागी नव्हे. ज्या समाजाने भिक्षा नाकारून हक्क मागितला, त्याने अनाथ मुलाच्या ओंजळीत भिक्षा घालून स्वस्थ बसू नये. त्याच्या वतीने फिर्याद दाखल करावयास आपण पुढे होऊ या.