२,१४,७४,८३,६४७ : एका संख्येची गोष्ट



काही वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता मला ऑफिसचा फोन आला. एका ग्राहकाच्या सिस्टीममध्ये नवी नोंदच होत नव्हती. शोधल्यावर कळलं की नोंदींचा अनुक्रमांक २,१४,७४,८३,६४७ वर पोचला होता आणि पुढचा आकडा त्या रकान्यात मावत नव्हता. रकाना मोठा करेपर्यंत सकाळ झाली.

असं का झालं? संगणक पूर्णांक बऱ्याचदा ३२ खणांत ठेवतो. प्रत्येक खणात ० किंवा १. एक खण अधिक-उणे चिन्हाचा. उरलेल्या ३१ खणांत सगळीकडे १ भरला की होते ही संख्या : २ चा ३१ वा घात, वजा १.

हे भाचीला सांगितलं, तर तिने विचारलं, "मामा, हिला कशाने भाग जातो?"

कशानेच नाही! ही मूळ संख्या आहे. (हिंदी माध्यमवाल्यांनो, अभाज्य.) हे ऑयलरने १७७२ साली सिद्ध केलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

एरवी ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. त्या चार हजारांहून जास्त आहेत. पण या संख्येला भाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ च उरायला हवी. आणखी एका नियमाने त्यातलेही निम्मे गळतात. राहतात जेमतेम पावणेचारशे भागाकार. एकही जमला नाही, आणि सिद्धता पूर्ण झाली.

"पण उपयोग काय?" भाचीचा पुढचा प्रश्न.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञालाही तेच वाटलं होतं. अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, म्हणून याहून मोठी शोधायला कोणी जाणार नाही, असं त्याने लिहिलं. पुढे याहून कितीतरी मोठ्या मूळ संख्या सापडल्या. आज इंटरनेटवरची आपली माहिती कुलूपबंद ठेवायला शेकडो अंकी मूळ संख्या वापरतात. आणि रँडम आकडे काढण्याच्या एका गाजलेल्या पद्धतीत भाजक म्हणून हीच संख्या बसली आहे.

तिची मर्यादा पुन्हा एकदा आडवी येणार आहे. अनेक जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ खणांत मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ते खण भरतील. ते काम तोपर्यंत उरकायचं आहे, आणि तुमच्यापैकी काही जण तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतील.

तोवर गृहपाठ. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. ही मूळ आहे का? भाजकाला २२ ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी, एवढं लक्षात ठेवा. एकाच भागाकारात उत्तर मिळेल.