संशोधन गटाचे ध्येय आणि गुणवत्तेची उद्दिष्टे

संशोधन गटाने स्वतःचे ध्येय लिहून काढणे हा प्रशासकीय उपचार समजला जातो, आणि म्हणूनच बहुतेक ध्येयवाक्यांत ‘उत्कृष्टता’, ‘जागतिक दर्जा’, ‘समाजोपयोगी संशोधन’ असे, कोणत्याही प्रयोगशाळेला लागू पडतील आणि कोणालाही बांधून ठेवणार नाहीत, असे शब्द येतात. वास्तविक ध्येयवाक्याची कसोटी साधी आहे: ते वाचून गटातील संशोधकाला येत्या वर्षी कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते नाकारावे हे ठरवता आले पाहिजे. जे वाक्य काहीच नाकारत नाही, ते दिशाही देत नाही.

येथे तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. गट कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नावर काम करतो याचे उत्तर म्हणजे ध्येय. ते काम कोणत्या तत्त्वांना धरून केले जाईल याची बांधिलकी म्हणजे गुणवत्ता धोरण. आणि ते धोरण प्रत्यक्षात पाळले जाते की नाही हे ज्यांवरून तपासता येते, ती मुदत व जबाबदारी ठरवून दिलेली विधाने म्हणजे गुणवत्ता उद्दिष्टे. यांचा क्रम उलटता येत नाही, कारण काम कोणासाठी आहे हे ठरल्याखेरीज ते चांगले झाले म्हणजे काय झाले, हे सांगता येत नाही.

नागपूरच्या वैज्ञानिक संस्थांच्या इतिहासात या क्रमाचे महत्त्व स्पष्ट दिसते. १९५८ मध्ये येथे स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा भर पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट आणि संसर्गजन्य रोग यांवर होता. पुढे औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न वाढला, १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणाविषयीची परिषद झाली, १९७४ मध्ये देशात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आला आणि त्याच वर्षी ही संस्था राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, झाली. ध्येय एकदा लिहून कायमचे ठेवायचे नसते. प्रश्न बदलला की तेही जाणीवपूर्वक बदलावे लागते.

याच संस्थेने विकसित केलेली ‘नलगोंडा पद्धत’ ध्येयातून उद्दिष्टे कशी निघतात हे दाखवते. पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दात व हाडे कायमची विकृत होतात, आणि विदर्भातही यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास आहे. या पद्धतीत पाण्यात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर मिसळून पाणी ढवळतात आणि तयार होणारा साका फ्लोराइडसह खाली बसू देतात. काम ग्रामीण कुटुंबासाठी आहे हे निश्चित असल्यामुळे सहज मिळणारी रसायने आणि घरच्या बादलीतही करता येईल अशी कृती ही गुणवत्तेचीच अंगे ठरली. मात्र फ्लोराइड किती घटले एवढे एकच उद्दिष्ट येथे पुरत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण तुरटीतून येणाऱ्या ॲल्युमिनियमलाही त्याच मानकात मर्यादा आहे, आणि उरलेल्या साक्याची विल्हेवाटही लावावी लागते. वापरणाऱ्याला जे भोगावे लागेल ते सर्व मोजणे, ही खरी गुणवत्ता होय.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने इतर सार्वजनिक संस्थांसह ‘बिकानेरी नरमा’ या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, कापूस वाणाचे बीटी, म्हणजे बोंडअळीला प्रतिकार करणारे जनुक घातलेले, रूप विकसित केले. शेतकऱ्याला घरचे बियाणे पुन्हा वापरता यावे, हा त्यामागचा हेतू निःसंशय लोकहिताचा होता. २००९ मध्ये हे बियाणे बाजारात आले. परंतु त्यात मोन्सँटो कंपनीचा जनुकीय घटक आढळला आणि विक्री थांबवावी लागली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने डिसेंबर २०१२ मध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला. प्रत्येक गटाने यातून घ्यायचा धडा असा, की ध्येय कितीही उदात्त असले तरी नमुना कोठून आला, तो कोणाच्या हाती गेला आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची ओळख कशी पटवली, याची अखंड नोंद हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून लिहिलेले असले पाहिजे.

उद्दिष्ट कसे लिहावे याबाबत आयएसओ ९००१:२०१५ हे व्यवस्थापन मानक नेमके प्रश्न विचारते: काय करायचे, त्यासाठी साधने कोणती, जबाबदार कोण, पूर्ण केव्हा होणार आणि परिणाम कसा तपासणार. चाचणी व अंशशोधन करणाऱ्या, म्हणजे उपकरणांचे वाचन प्रमाणित मूल्याशी ताडून पाहणाऱ्या, प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी १७०२५ आहे. मूलभूत संशोधन मात्र सहसा कोणत्याही नियामक चौकटीत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोगविषयक कार्यक्रमाने २००६ मध्ये मूलभूत जैववैद्यकीय संशोधनासाठी गुणवत्तेची पुस्तिका काढली ती हीच उणीव ओळखून. या सर्वांचा मथितार्थ रोजच्या भाषेत मांडता येतो. ‘वर्षात दहा शोधनिबंध’ हे उत्पादनाचे लक्ष्य आहे, गुणवत्तेचे नव्हे. ‘प्रयोगवहीतील नोंद त्याच दिवशी होईल आणि दर आठवड्याला सहकारी ती तपासून सही करील’, ‘अंशशोधनाची मुदत संपलेल्या उपकरणावरील वाचन ग्राह्य धरले जाणार नाही’, ‘मुख्य निष्कर्ष गटातील दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे पडताळल्याशिवाय प्रसिद्धीसाठी जाणार नाही’, ही गुणवत्तेची उद्दिष्टे आहेत, कारण ती पाळली की मोडली हे कोणालाही तपासता येते.

अशा शिस्तीने संशोधकाची प्रतिभा कोंडली जाते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण केवळ ऑडिटपुरते भरलेले तक्ते संशोधनाचा वेळ खरोखरच खातात. परंतु उद्दिष्टे पुराव्याला शिस्त लावतात, प्रश्नाला नव्हे. कोणता प्रश्न विचारावा याचे स्वातंत्र्य अबाधित राहते, आणि प्रयोग फसला तरी तो का फसला हे नीट नोंदवलेल्या वहीतूनच पुढच्या संशोधकाला कळते. म्हणून उद्दिष्टे थोडी असावीत आणि ती ज्यांनी पाळायची त्या संशोधन विद्यार्थ्यांनी व तंत्रज्ञांनी ठरवण्यात भाग घेतलेला असावा.

वाचकांपैकी जे गटप्रमुख आहेत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ध्येयाचे एक वाक्य आणि तपासता येतील अशी तीन ते पाच उद्दिष्टे लिहावीत, प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व तारीख घालावी आणि वर्षअखेरीस त्यांचा हिशेब गटासमोर मांडावा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाने समाजाला द्यायची ही किमान हमी आहे.